हेलंगची हद्द आणि वाळूचे दाणे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. या मे महिन्यात आम्ही उभयता चारधाम करून आलो. बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठच्या अलीकडे हेलंग गाव लागतं. तिथे आमच्या गाडीतला भूशास्त्राचा एक विद्यार्थी खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, "काका, हिमालयातली एक मोठी हद्द इथून जाते. खालचे खडक वेगळे, वरचे वेगळे." मी दोन्हीकडे नीट बघितलं, मला सगळा डोंगर सारखाच दिसला. मग तो म्हणाला की ही हद्द वाळूच्या दाण्यांवरून ठरवतात. पुढे दरड पडल्यामुळे दोन तास खोळंबलो, तेवढ्यात त्याने पुष्कळ सांगितलं, पण माझी शंका फिटली नाही. एवढ्या उंच डोंगरात वाळू कुठून आली, आणि तिचा दाणा हद्द कशी सांगणार?
— एक निवृत्त तलाठी, सातारा

उत्तर : नमस्कार. हद्दीची भांडणं सोडवण्यात ज्यांची सारी नोकरी खर्ची पडली, त्यांनीच हा प्रश्न विचारावा याचा मला फार आनंद झाला. बांध कोरला गेला, हद्दीचा दगड कुणी हलवला, की तुम्ही जुने कागद काढायला लावता. जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते बघता. आम्हा भूशास्त्रज्ञांचंही काम तसंच चालतं. आमचे कागद म्हणजे झिरकॉन नावाच्या खनिजाचे दाणे.

आधी वाळूचं सांगते. हिमालयाचा मोठा भाग मुळात गाळच आहे. भारताच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या समुद्रात नद्यांनी कोट्यवधी वर्षं आणून टाकलेली वाळू आणि चिखल. वाळू घट्ट होऊन वालुकाश्म झाला, काही थर खोल जाऊन तापले, दाबले गेले, त्यांचे क्वार्ट्झाइट, शिस्ट, नाइस असे रूपांतरित खडक झाले. पुढे भारत आशियाला भिडला तेव्हा हे थर चिरफाळून एकमेकांवर चढले. हेलंगची भेग अशाच एका चढाईची. आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्ट गान्सर या दोन स्विस भूशास्त्रज्ञांनी 1936 साली हा मुलूख पायी पालथा घातला, आणि 1939 साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी या भेगेला जे नाव दिलं तेच आजही चालतं : मेन सेंट्रल थ्रस्ट. तिच्या वर बद्रीनाथ-केदारनाथच्या शिखरांचा उच्च हिमालय, खाली चमोली-पिपलकोटीचा लघु हिमालय. वरचा भाग खालच्यावर शंभर किलोमीटरहून जास्त सरकून आला असावा. यमुनोत्रीच्या ज्या कुंडात तुम्ही तांदळाची पुरचुंडी शिजवली असेल, ते गरम पाणीही याच पट्ट्याच्या आसपास वर येतं.

तुम्हाला डोंगर सारखाच दिसला यात तुमच्या नजरेचा दोष नाही. ही काही एक रेघ नव्हे. काही किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, आणि त्यात वरचे, खालचे दोन्ही खडक असे रगडून निघालेत की दोघांचेही अभ्रकाने चकाकणारे पापुद्रे झालेत. कुणी हद्द हेलंगला मानतो, कुणी आणखी वर. जोशीमठ शहर या दोन रेघांच्या मधोमध आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा या पट्ट्यातले दोन नमुने कापडी पिशव्यांत भरले आणि पिशव्यांवर शाईने खुणा केल्या. संध्याकाळी पाऊस आला, शाई धुऊन गेली. दोन्ही दगड मुक्कामी कंदिलाखाली ठेवून मी रात्री बराच वेळ भिंगातून बघत बसले. वरचा कोणता आणि खालचा कोणता, मला सांगता येईना. दोन्ही टाकून देऊन सकाळी पुन्हा चढावं लागलं. खडकाचा चेहरा किती फसवा असतो ते मला तिथे समजलं.

आता दाण्याकडे येते. झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम आणि सिलिकाचं संयुग. (दागिन्यांतला अमेरिकन डायमंड हा कारखान्यात बनवलेला निराळाच पदार्थ आहे, पुष्कळांची यात गल्लत होते.) ग्रॅनाइटसारखा खडक वितळलेल्या स्थितीतून थंड होताना त्यात हे बारीक स्फटिक तयार होतात, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे. हा दाणा अतिशय चिवट. डोंगर झिजतो, फेल्डस्पार कुजून माती होते, अभ्रक चुरगळतं, पण झिरकॉन नदीतून वाहत समुद्रात जातो, वालुकाश्मात अडकतो, तो वालुकाश्म झिजला की पुन्हा नवा प्रवास सुरू करतो. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या खडकात 440 कोटी वर्षांचा झिरकॉन मिळालाय. ज्या खडकात तो सापडला, तो खडक दाण्याहून शंभर कोटींपेक्षाही जास्त वर्षांनी तरुण आहे.

आणि त्याच्या पोटात घड्याळ असतं. झिरकॉन तयार होताना थोडं युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. त्यामुळे दाण्यात आज जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं नंतर तयार झालेलं, आणि त्यावरून वय काढता येतं. युरेनियमचे प्रकार दोन : एक 447 कोटी वर्षांत निम्मा होतो, दुसरा 70 कोटींत. म्हणजे एकाच दाण्यात दोन स्वतंत्र घड्याळं. दोन्ही जुळली तर वय धरायचं. मधेच शिसं गळून गेलं असेल तर घड्याळं जुळत नाहीत आणि आपण सावध होतो. काही दाण्यांना जुन्या गाभ्याभोवती नवी पुटं असतात, प्रत्येक पुटाचं वय निराळं. तुमच्या भाषेत सांगायचं तर फेरफाराच्या नोंदीच त्या, एकाखाली एक.

दाणे वेगळे करायचं काम मी पुण्यात पंचवीस वर्षं केलं. सराफ कट्ट्याच्या गटारातली धूळ धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील, तसंच हे काम. काही किलो दगड आधी फोडायचा, मग दळायचा, चाळायचा, पाण्यात घोळवून हलकं वाहून जाऊ द्यायचं. लोहाचे कण चुंबकाने काढायचे. उरलेलं ब्रोमोफॉर्ममध्ये ओतायचं. हा द्रव पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, त्यामुळे त्यात गारगोटीची वाळू चक्क तरंगते आणि झिरकॉन तळाशी जातो. ब्रोमोफॉर्मचा गोडसर वास घरी आल्यावरही केसांतून जात नसे. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने एकेक दाणा वेचायचा. पुढे यंत्रावर लेझरचा ठिपका दाण्यावर पडतो, केसाच्या निम्म्या जाडीचा, आणि उडालेल्या धुळीतलं युरेनियम-शिसं मोजलं जातं.

सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे सांगायलाच हवी. वेचताना मी पारदर्शक, रेखीव दाणे घेत गेले, तपकिरी आणि मळकट सोडून दिले. वयं आली तेव्हा त्या वालुकाश्मात फार जुने दाणे दिसेनात. कारण सरळ होतं. ज्या दाण्यात युरेनियम जास्त आणि वयही जास्त, त्याचा स्फटिक आतल्या किरणोत्सर्गाने मोडत जातो, तो काळवंडतो. मी सुंदर तेवढे निवडून त्या खडकाचा अर्धा इतिहास पुसला होता. दीड महिन्याचं काम पुन्हा केलं, आणि या वेळी सुईसमोर आला तो दाणा घेतला. किती दाणे घ्यावेत याचाही हिशेब आहे. वाळूत पाच टक्के किंवा त्याहून मोठा असलेला वयाचा एकही गट निसटू नये, आणि ही खात्री 95 टक्के असावी, तर 117 दाणे मोजावे लागतात. पीटर फरमेश यांनी 2004 साली हे गणित मांडलं.

आता हद्दीचा निकाल. 1996 साली रँडल पॅरिश आणि किप हॉजेस यांनी नेपाळमधल्या लांगतांग भागात, आणि 2000 साली पीटर डिसेल्स, जॉर्ज गेहरल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात दाण्यांची वयं तपासली. भेगेच्या खालच्या लघु हिमालयात दाणे मिळाले सुमारे 187 कोटी ते 260 कोटी वर्षांचे, त्याहून तरुण नाहीतच. वरच्या उच्च हिमालयात 80 कोटी ते 170 कोटी वर्षांचे दाणे भरपूर. इतका स्वच्छ फरक! डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शिस्ट दाण्यांच्या वयाने झटक्यात वेगळे झाले, पट्ट्यात नेमकी रेघ कुठे ओढायची त्याला आधार मिळाला. डिसेल्स आणि मंडळी आणखी पुढे गेली. त्यांनी मांडलं की उच्च हिमालय हा मुळात भारताचा भागच नव्हता, परका भूखंड होता, सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी येऊन चिकटलेला. म्हणजे ही भेग एका जुन्या, पुसलेल्या सरहद्दीवरच पडली.

इथे तुमच्यातला तलाठी जागा व्हायला हवा. शेजारच्या दोन गटांचे कागद काढले, एकाचा 1910 चा उतारा निघाला, दुसऱ्याचा 1980 चा, आणि दोन्हींवरची नावं वेगळी आहेत. एवढ्यावरून मूळ मालक वेगळे होते असं म्हणाल का? आधी एकाच सालचे उतारे मागाल. तेच इथे झालं. नेपाळमधले लघु हिमालयाचे जे खडक तपासले गेले त्यांतले बहुतेक फार जुने आहेत. ते साचले तेव्हा 80 कोटी वर्षांचा दाणा जगात जन्मलेलाच नव्हता, मग तो त्यांत सापडणार कसा?

एकाच काळचे खडक शोधले ते पॉल मायरो, नायजेल ह्यूज आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी गटाने, 2003 साली. मसुरीजवळ ताल नावाचे थर आहेत, डेहराडूनच्या मालदेवता खाणीतलं फॉस्फेट त्यांतलंच. ते लघु हिमालयातले, पण कँब्रियन काळातले, साधारण 50-54 कोटी वर्षांपूर्वीचे. भेगेच्या पार पलीकडे, स्पितीच्या पाराहियो खोऱ्यात, त्याच काळचे थर आहेत. दोन्हीकडचे दाणे मोजले तर वयांचे गट जुळले. ट्रायलोबाइट या नामशेष सागरी प्राण्यांचे जीवाश्मही जुळते निघाले. म्हणजे कँब्रियन काळात दोन्ही जागा भारताच्या एकाच लांबलचक किनाऱ्यावर होत्या, एकाच नद्यांची वाळू दोन्हीकडे येत होती.

मला स्वतःला मायरो यांचं म्हणणं पटतं. मेन सेंट्रल थ्रस्ट ही खरी भेग आहे, खडक तिच्यावरून सरकलेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती दोन देशांची सरहद्द नव्हती. एकाच शेताचे खालचे जुने थर एका बाजूला आले, वरचे नवे दुसऱ्या बाजूला. हेलंगच्या परिसरात जुन्याच दाण्यांचा खडक दिसला तर तुम्ही खाली आहात आणि तरुण दाणे दिसले तर वर, हा नियम तिथे उपयोगी पडतो. तोच नियम घेऊन मसुरीला गेलात तर फसाल. दाणा आपलं वय आणि फार तर आपलं गाव सांगतो. हद्द माणूस ठरवतो, आणि ठरवताना कोणते दोन खडक शेजारी ठेवले ते त्याने आधी तपासायला हवं.

प्रश्न : भारत आणि आशिया यांचा खरा सांधा मग कुठे आहे? टक्कर कधी झाली हेसुद्धा दाण्यांवरूनच कळलं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सांधा आणखी उत्तरेला आहे, लडाखमध्ये सिंधूच्या काठाने आणि तिबेटात यार्लुंग त्सांगपोच्या काठाने. यार्लुंग त्सांगपो म्हणजे आपल्याकडे येऊन होते ती ब्रह्मपुत्रा. हा सांधा खडकांवरूनच ओळखता येतो, कारण तिथे समुद्रतळाचे हिरवट-काळे तुकडे वर आलेले आहेत. टक्करीची वेळ काढायला मात्र दाण्यांचा फार उपयोग झाला.

युक्ती सोपी आहे. दोन भूखंडांच्या मध्ये खोल समुद्र असेपर्यंत आशियाची वाळू भारताच्या किनाऱ्यावर येऊ शकत नाही. तेव्हा भारताच्या बाजूच्या थरांत आशियाचा पहिला दाणा कधी आला ते शोधायचं. तिबेटात सांगदानलिन नावाची जागा आहे, भारताच्या जुन्या किनाऱ्याचा हा भाग. तिथे खालच्या थरांत भारताची स्वच्छ गारगोटीची वाळू आहे, आणि वर एकाएकी ज्वालामुखी खडकांच्या कणांची वाळू सुरू होते. तिच्यातले झिरकॉन तरुण आहेत, तिबेटच्या दक्षिण कडेवरच्या गांगदीस ज्वालामुखी रांगेच्या वयाचे.

इथे एक अडचण होती. भारताच्या बाजूलाही क्रिटेशस काळातले ज्वालामुखी होते, त्यामुळे नुसत्या वयावर विसंबता येत नाही. मग त्याच दाण्यातलं हाफ्नियम नावाचं मूलद्रव्य मोजतात. ज्या रसातून दाणा जन्मला तो भूकवचाखालून नुकताच वर आलेला होता की जुनं भूकवच वितळून झालेला, ते हाफ्नियमच्या प्रमाणावरून कळतं. गांगदीसच्या बहुतेक दाण्यांत पहिल्या प्रकारची खूण ठळक असते. वय आणि हाफ्नियम दोन्ही एका बाजूला झुकले की गाव पक्कं.

2015 साली हू शिउमियान आणि सहकाऱ्यांनी हा बदल 5.9 कोटी वर्षांपूर्वीचा, दहा लाख इकडे-तिकडे, असा ठरवला. थराचं वय त्यांनी रेडिओलेरिया या सूक्ष्म सागरी जीवांवरूनही तपासलं. आपल्या झांस्करमध्ये पॅट नाजमन यांच्या गटाने 2017 साली असाच शोध घेतला, तिथे आशियाचे दाणे 5.4 कोटी वर्षांपूर्वीच्या आत पोहोचलेले दिसतात. काही अभ्यासकांच्या मते तेव्हा भारत मधल्या बेटांच्या रांगेला धडकला आणि खरा आशिया नंतर भेटला. या आक्षेपाला वजन आहे. पण दोन्ही बाजू पुन्हा त्याच दाण्यांकडे जातात.

प्रश्न : मॅडम, आमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. चुंबक फिरवला की चिकटते. तिच्यात झिरकॉन मिळेल का? आम्हाला प्रकल्प करायचा आहे.
— अकरावी विज्ञान, रत्नागिरी

उत्तर : तू चुंबक फिरवून बघितलास, म्हणजे निम्मं काम केलंस. चटकन चिकटतो तो मुख्यतः मॅग्नेटाइट, लोहाचं एक खनिज. मागे रेंगाळतात त्या काळ्या कणांत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज पुष्कळ असतं, त्याची चुंबकाकडे ओढ कमी. लाटा हलकी पांढरी वाळू मागे ओढून नेतात आणि जड काळे कण पट्ट्यांत ठेवून जातात. हे कण आले सह्याद्रीच्या काळ्या कातळातून आणि त्यावरच्या जांभ्यातून. आणि काळ्या कातळात झिरकॉन जवळजवळ नसतोच, कारण त्या रसात सिलिका कमी असते, त्यातून झिरकॉनचे स्फटिक सहसा बनत नाहीत. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर झिरकॉन इतका आहे की तो काढून विकतात, कारण तिथल्या नद्या फार जुन्या रूपांतरित खडकांतून येतात. एकाच अरबी समुद्राचे दोन किनारे, पण वाळूच्या मागचा डोंगर वेगळा. तुझ्या प्रकल्पाला हा एवढा विषय पुरेसा आहे.

पण निराश होऊ नकोस. घाटातून जाताना कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो ना? दोन लाव्हांच्या मधल्या काळात तिथे जमीन तयार झाली, वर ज्वालामुखीची राख पडली, आणि त्या राखेत झिरकॉन असतो. ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली अशा पट्ट्यांतल्या दाण्यांवरून दख्खनच्या लाव्हाची वयं काढली, साडेसहा कोटी वर्षांच्या थोडी पलीकडची. डायनोसॉर गेले त्या काळाशी ती ताडून बघता आली.

झिरकॉनच हवा असेल तर दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात जा. तिथे कातळाच्या खालचे जुने ग्रॅनाइट, नाइस आणि कलादगी नावाच्या जुन्या थरांचे वालुकाश्म उघडे पडलेत, त्यांतून येणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत मिळण्याची शक्यता बरीच जास्त. ओढ्याच्या वळणाला आतल्या बाजूची, मोठ्या दगडामागे साठलेली वाळू घे. पसरट ताटलीत पाणी घालून हळूहळू घोळव, तांदळातले खडे काढताना आई करते तसं, पांढरं वाहून जाऊ दे. उरलेलं वाळव, कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवून काळं काढ. मग कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघ : लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, कडा गोलसर झालेले, काचेहून जास्त चमकणारे दाणे. मळकट दाणेही ठेव, फेकू नकोस. आणि प्रत्येक पुडीवर ओढा, गाव आणि तारीख पेन्सिलने लिही. शाई पाण्याने धुऊन जाते.